एकच ‘कुठे’ घेऊन जर्मनीत

१७ एप्रिल २०२३, सोमवार. इंटिग्रेशन कोर्सचा, म्हणजे जर्मनीत राहायला आलेल्या परदेशी लोकांसाठीच्या सरकारी भाषावर्गाचा, पहिला दिवस. प्रत्येकानं आपली ओळख करून द्यायची होती. मी नाव सांगितलं, देश सांगितला आणि मोठ्या आत्मविश्वासानं तिसरं वाक्य टाकलं: ‘इश वोनं आउफ डेर श्ट्रासं.’ आमचं घर मुख्य रस्त्यावर आहे, एवढंच मला म्हणायचं होतं. शिक्षिका क्षणभर थांबल्या, माझ्या इस्त्रीच्या कुर्त्याकडे बघितलं आणि हळू आवाजात विचारलं, ‘म्हणजे तुम्हाला घर नाही?’ जर्मनमध्ये ‘आउफ डेर श्ट्रासं’ राहणारा माणूस म्हणजे बेघर माणूस. अमुक एका रस्त्यावर घर असेल तर ‘इन’ वापरायचं, म्हणजे अक्षरशः रस्त्यात. आपल्याकडे रस्त्यात घर असेल तर पाडायला माणसं येतील.

त्या दिवसापासून बी-वन (म्हणजे मधल्या पातळीच्या) परीक्षेचा निकाल हाती येईपर्यंत दहा महिने गेले. त्यातला निम्मा वेळ मी ‘इन’, ‘आउफ’, ‘आन’ असल्या दोन-तीन अक्षरी शब्दांशी भांडण्यात घालवला. काही गोष्टी कुणी मराठीतून सांगितल्या असत्या तर एवढं भांडावं लागलं नसतं. म्हणून हे लिहितेय.

आधी कागदपत्रं. नवरा नोकरीसाठी पुढे आला होता. मी आणि मुलगी नोव्हेंबर २०२२ मध्ये आलो. ब्लू कार्डवाल्यांच्या (म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा परवाना असणाऱ्यांच्या) जोडीदाराला व्हिसासाठी भाषेचं प्रमाणपत्र लागत नाही, त्यामुळे मी ‘हालो’ आणि ‘डांकं’ एवढ्या भांडवलावर उतरले. फेब्रुवारी २०२३ मध्ये राहण्याच्या परवान्याचं कार्ड घ्यायला परदेशी नागरिकांच्या कार्यालयात गेले, तेव्हा नवऱ्यानं चिठ्ठीवर लिहून दिलेलं वाक्य वाचून कोर्सबद्दल विचारलं. समोरच्या बाईंनी कोर्सला बसण्याच्या हक्काचं पत्र छापून दिलं. तुम्हाला आपणहून मिळालं नाही तर विचारा, लाजू नका. आणि त्या पत्रावरची तारीख कुठेतरी ठळक लिहून ठेवा. माझ्या वेळी तिचा संबंध पुढे पैशाशी यायचा.

मग भाषाशाळांना फोन. तिसऱ्या शाळेत एप्रिलच्या तुकडीत जागा होती. ९ मार्चला पातळी ठरवायची चाचणी झाली. तीन महिने मोबाईलवरच्या ॲपवर रोज घुबडासारखी जागून केलेल्या अभ्यासामुळे निदान दुसऱ्या मॉड्यूलला, म्हणजे टप्प्याला, बसवतील असं वाटत होतं. गाळलेल्या जागेत ‘मी बसनं जाते’ भरायचं होतं. मी ‘बसमध्ये’ भरलं. आपल्या ‘नं’साठी जर्मनमध्ये ‘मिट’ म्हणजे ‘सोबत’ वापरतात, हे ॲपनं कधी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल आणि मी पुढे ढकललं असेल. असल्याच चुका आणखी चार-पाच. निकाल: मॉड्यूल १, श्रीगणेशा.

खर्चाचं गणित असं. ४५ मिनिटांचा एक तास, असे १०० तास म्हणजे एक मॉड्यूल. भाषेची सहा मॉड्यूल, वर जर्मनीचा इतिहास, कायदे, समाज यांची ओळख करून देणारं १०० तासांचं सातवं. माझ्या वेळी स्वतःचा वाटा तासाला २.२९ युरो, म्हणजे मॉड्यूलला २२९ आणि सगळे मिळून १,६०३ युरो. सरकारी भत्त्यावर असणाऱ्यांना माफी मिळते. आम्ही त्यात बसत नव्हतो. पुस्तकं आपल्या खिशातून. मात्र माझ्या वेळी त्या हक्काच्या पत्राच्या तारखेपासून दोन वर्षांत भाषेची आणि शेवटची, अशा दोन्ही परीक्षा पास झालं तर निम्मे पैसे परत मिळायचे. हे वाचल्यावर मी ती तारीख फ्रिजवर चिकटवली.

पहिले दोन महिने चांगले गेले, कारण एका बाबतीत मी वर्गात सगळ्यांच्या पुढे होते. डेर, डी, डास म्हणजे तो, ती, ते. तीन लिंगं असतात आणि निर्जीव वस्तूंनाही असतात याचा मला धक्का बसला नाही. (वहीत देवनागरीत ‘डास’ लिहिलेलं बघून नवऱ्यानं शेजारी सोंडेसकट डास काढून ठेवला. तो अजून आहे.) पण लिंगं जुळतील ही आशा सोडा. आपला सूर्य तिकडे बाई, आपली खुर्ची तिकडे पुरुष, आपलं दार तिकडे ‘ती’. पुस्तक तेवढं दोन्हीकडे ‘ते’ निघालं तेव्हा नातेवाईक भेटल्यासारखं वाटलं.

शब्दयोगी अव्ययं आली तेव्हाही सुरुवात वाईट नव्हती. आपण ती नामाच्या मागे जोडतो, ते पुढे ठेवतात, ही उलटापालट आठवड्याभरात अंगवळणी पडते. अव्ययामुळे काहीतरी वाकावं लागतं हे तर आपल्याला पाचवी-सहावीपासून माहीत आहे. आपण ‘टेबल खाली’ म्हणत नाही, ‘टेबलाखाली’ म्हणतो. ‘रस्ता वर’ म्हणत नाही, ‘रस्त्यावर’ म्हणतो. आपल्याकडे नाम वाकतं, सामान्यरूप होतं. जर्मनमध्ये नाम बहुतेकदा ताठ उभं राहतं आणि त्याच्यापुढचं आर्टिकल वाकतं: ‘डेर टिश’ म्हणजे टेबल, ‘उंटर डेम टिश’ म्हणजे टेबलाखाली. आपलं सामान्यरूप एकच असतं, कुठलंही अव्यय लावा, ‘टेबला-’च. जर्मन मात्र विचारते, कुठल्या विभक्तीत वाकवू? गोम आहे ती इथे.

विभक्त्या चारच. आठ पाठ केलेल्या माणसाला चारचं काय भय, असं मला वाटलं होतं. पण आठवतंय ना, शाळेत द्वितीयेला स-ला-ते आणि चतुर्थीलाही स-ला-ते? तेव्हा आम्ही हसायचो, की एकच गोष्ट दोनदा का पाठ करायची. ‘मुलाला बघितलं’ आणि ‘मुलाला खाऊ दिला’, दोन्हीकडे ‘ला’. जर्मनची अक्कुझाटिव आणि डाटिव म्हणजे साधारण आपली द्वितीया आणि चतुर्थी, आणि तिकडे त्यांचे प्रत्यय वेगळे आहेत: पुल्लिंगी आर्टिकल एकीकडे ‘डेन’ होतं, दुसरीकडे ‘डेम’. जो फरक करायची आपल्या कानाला कधी गरजच पडली नाही, नेमका तोच इथे शब्दागणिक करायचा.

काही अव्ययांची विभक्ती ठरलेली असते, ती सरळ पाठ करा. अक्कुझाटिववाली पाच: डुर्श, फ्यूर, गेगन, ओनं, उम. डाटिववाली सात: आउस, बाय, मिट, नाख, झाइट, फोन, त्सू. मी ही सात पाढ्यासारखी म्हणायचे, भांडी घासताना, मुलीला कीटामध्ये, म्हणजे बालवाडीत, सोडायला जाताना. चार शब्द, मग श्वास, मग तीन. यात आपलं व्याकरण खरंच कामाला आलं. मिट म्हणजे ने-शी, आपली तृतीया. आउस आणि फोन म्हणजे ऊन-हून, आपली पंचमी. संस्कृतात आणि मराठीच्या कोष्टकात ज्या वेगळ्या राहिल्या त्या तृतीया, पंचमी, सप्तमी जर्मनच्या डाटिवनं केव्हाच पोटात घातल्या आहेत. म्हणून तिचं पोट एवढं मोठं. हे कळल्यावर ती यादी उगाच जमवलेली वाटेनाशी झाली.

एक सापळा आहे: फ्यूर, म्हणजे ‘साठी’. आपल्या डोक्यात ‘साठी’ म्हटलं की चतुर्थी. मी शिक्षिकांशी वाद घातला की इथे डाटिवच हवं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘फ्यूर डेन.’ वाद संपला.

दुसरा सापळा अनेकवचनाचा. डाटिवमध्ये अनेकवचनी नामाला शेवटी बहुतेकदा ‘न’ चिकटतो. ‘तीन महिन्यांपासून’ म्हणजे ‘झाइट द्राय मोनाटन’. मी महिनोन्महिने तो ‘न’ खाल्ला. दर चाचणीला त्यापायी अर्धा गुण जायचा.

व्याकरणाबाहेरचीही एक गंमत सांगते. मुलीला ताप होता म्हणून दाखवलं, डॉक्टरांकडच्या बाईंनी परत कधी यायचं ते सांगितलं: ‘इन आयनर वोखं.’ मी ऐकलं ‘एका आठवड्यात’, आणि मुलीला जरा बरं वाटतंय म्हणून तिसऱ्याच दिवशी हजर झाले. त्या बाईंनी कॅलेंडर बघितलं, मला बघितलं. ‘इन आयनर वोखं’ म्हणजे आजपासून आठवड्यानं. आठवड्याच्या आत म्हणायचं तर वेगळा शब्द आहे. सरकारी पत्रांतल्या ‘बिस त्सुम’ आणि ‘आब’कडेही असंच नीट बघा: पहिल्याचा अर्थ त्या तारखेपर्यंत, दुसऱ्याचा त्या तारखेपासून. कागद कधी द्यायचे ते त्या दोन शब्दांवर ठरतं.

जुलैमध्ये, तिसऱ्या मॉड्यूलमध्ये, ती नऊ अव्ययं आली: इन, आन, आउफ, यूबर, उंटर, फोर, हिंटर, नेबन, त्स्विशन. आत, -ला लागून, वर, वरून, खाली, पुढे, मागे, शेजारी, मध्ये. ही दोन दगडांवर पाय ठेवणारी. कधी अक्कुझाटिव, कधी डाटिव. फळ्यावर नियम आला: ‘वोहिन’ (कुठे जातंय) विचारलं तर अक्कुझाटिव, ‘वो’ (कुठे आहे) विचारलं तर डाटिव. शेजारी बाण आणि ठिपका काढला होता. मी वहीत लिहून घेतलं: हालचाल असेल तर अक्कुझाटिव, स्थिर असेल तर डाटिव.

हे मी चुकीचं लिहून घेतलं होतं. आणि त्यावर पुढचे चार आठवडे घालवले.

शुक्रवारी बारा वाक्यांची चाचणी झाली. ‘मुलं बागेत पळतात.’ पळतात, म्हणजे हालचाल, म्हणजे अक्कुझाटिव, ‘इन डेन पार्क’. लाल रेघ. बरोबर उत्तर ‘इम पार्क’ (‘इन डेम’ जोडून ‘इम’), डाटिव. बारापैकी सहा बरोबर. नाणं उडवून लिहिलं असतं तरी तेवढेच आले असते. त्या दिवशी ट्राममध्ये मला रडू आलं, हे सांगायला हरकत नाही. अडतिसाव्या वर्षी, एकेकाळी हिशेबाच्या कामात पैचा फरक शोधून काढणारी बाई ‘बागेत’ हा एक शब्द लिहू शकत नाही.

माझ्या बाकावर युक्रेनहून आलेली एक बाई बसायची. तिचे बारापैकी बारा. मी विचारलं, कसं गं? ती म्हणाली, आमच्याकडेही असंच असतं, अव्यय तेच, पण जाताना एक विभक्ती आणि असताना दुसरी. तिला त्यात शिकण्यासारखं काही नव्हतंच. मात्र तिच्या भाषेत आर्टिकलच नाही, त्यामुळे ती डेर-डी-डास बिनधास्त गाळायची. आम्ही करार केला: तिनं विभक्ती सांगायची, मी आर्टिकल. दोघी मिळून एक बरा विद्यार्थी होत होतो.

तिच्यामुळेच मला माझं दुखणं सापडलं. आपल्याकडे ‘कुठे’ एकच आहे. ‘कुठे आहेस?’ आणि ‘कुठे चाललीस?’ ‘घरी आहे’ आणि ‘घरी जातेय’, तेच ‘घरी’. जर्मनमध्ये एक ‘त्सू हाउझं’, दुसरं ‘नाख हाउझं’. आपण राहणं की जाणं हे सगळं क्रियापदावर सोपवून मोकळे होतो. नाम दोन्हीकडे सारखंच. म्हणून ‘वो आणि वोहिनमधला फरक लक्षात घ्या’ असं कुणी म्हटलं की माझं डोकं दोन्हींचं भाषांतर ‘कुठे’ असं करून स्वस्थ बसायचं.

ऑगस्टमध्ये तीन आठवडे सुट्टी होती. एका संध्याकाळी जेवायला बसायच्या आधी मी पाच वर्षांच्या मुलीला, स्वतःच्याच सरावासाठी, जर्मनमध्ये सांगितलं: ग्लास टेबलावर ठेव. ‘श्टेल डास ग्लास आउफ डेम टिश.’

ती ग्लास हातात धरून उभी राहिली. ‘आई, आउफ डेन टिश.’

‘का गं?’

‘असंच म्हणतात.’

तिनं ग्लास ठेवला. मी विचारलं, आता ग्लास कुठे आहे? ‘आउफ डेम टिश,’ ती म्हणाली, आणि पाणी सांडून टाकलं.

मी फडकं घेऊन टेबल पुसता पुसता थांबले. मी वाक्य बोलले तेव्हा ग्लास तिच्या हातात होता. टेबलावर नव्हता. तेव्हा ‘डेन’. ठेवल्यावर, आता तो टेबलावर आहेच, तेव्हा ‘डेम’. हालचालीचा संबंधच नव्हता. विचारायचा प्रश्न ‘हलतंय का’ हा नाही. विचारायचं: आधी तिथे नव्हतं आणि या क्रियेनं तिथे आलं का? आलं असेल तर अक्कुझाटिव. आधीपासून तिथेच असेल, मग तिथे नाचो, पळो, झोपो, डाटिव.

रात्री मी जुनी चाचणी काढली. मुलं बागेत पळतात: आधीपासून बागेतच आहेत, पळणं चाललंय ते आतल्या आत. डाटिव. मुलं पळत बागेत शिरली: आधी बाहेर होती. अक्कुझाटिव. मुलगी पलंगावर उड्या मारतेय (हे उदाहरण समोरच चालू होतं): ‘आउफ डेम बेट’. मुलीनं जमिनीवरून पलंगावर उडी मारली: ‘आउफ डास बेट’. मराठीत आपण हा फरक ‘उड्या’ आणि ‘उडी’ असा वचनावर निभावून नेतो, बघा. बारापैकी अकरा बरोबर आली.

बारावं वाक्य होतं: ‘गाडी स्टेशनवर पोचते.’ आधी स्टेशनवर नव्हती, आता आली, म्हणजे माझ्या हिशेबानं अक्कुझाटिव. उत्तर डाटिव: ‘आम बानहोफ’. पोचणं, विमान उतरणं, गाडी पार्क करणं ही क्रियापदं जर्मनला जागेवर घडणारी वाटतात, जागेकडे नेणारी नाहीत. ही तीन वेगळी पाठ करा, पुष्कळ काम भागतं. माझी कसोटी सगळीकडे लागत नाही हे शिक्षिकांनीही सांगितलं. पण सुट्टीनंतर मी ती वर्गात मोडक्या जर्मनमध्ये समजावली तेव्हा मागच्या बाकावरचे दोघं ती वहीत लिहून घेत होते.

वेळेच्या बाबतीत तर आणखी सोपं. ‘सोमवारी’, ‘जुलैमध्ये’, ‘एका महिन्यापूर्वी’, ‘केव्हा’ला उत्तर देणारी इन, आन, फोर नेहमी डाटिवच: आम मोंटाग, इम यूली, फोर आयनम मोनाट. आणि जोडून झालेले शब्द (इम, आम, बाइम, फोम, त्सुम, त्सूर आणि दुसरीकडे इन्स, आन्स) सुटे करून शिकू नका, अख्खेच उचला. मराठीत ‘घरात’ म्हणताना आपण सामान्यरूप वेगळं काढून बघतो का?

सप्टेंबर-ऑक्टोबर क्रियापदांसोबतच्या अव्ययांनी खाल्ला. वाट बघणं म्हणजे ‘वार्टन आउफ’, आणि पुढे अक्कुझाटिव. इथे कुठलीच कसोटी लावू नका, लावली की फसलात. ‘आउफ डेन बुस’ म्हणजे बसची वाट बघणं. ‘आउफ डेम बुस’ म्हटलंत तर टपावर बसून कुणाची तरी वाट बघताय. आठवण काढणं ‘आन’ आणि अक्कुझाटिव, भाग घेणं ‘आन’ आणि डाटिव, भीती ‘फोर’ आणि डाटिव. पुढे होणाऱ्या गोष्टीचा आनंद ‘आउफ’, झालेल्या गोष्टीचा ‘यूबर’. मी चिठ्ठ्या केल्या, एका बाजूला क्रियापद, मागे स्वतःबद्दलचं एक खरं वाक्य. पुस्तकातली वाक्यं राहत नव्हती; ‘मला टेलिफोनची भीती वाटते’ हे मात्र लगेच राहिलं.

गेनिटिवबद्दल, म्हणजे साधारण आपल्या षष्ठीबद्दल, थोडंच. ‘वेगन’, म्हणजे ‘-मुळे’, याच्यापुढे गेनिटिव येतं असं मंगळवारी शिकले. बुधवारी शेजारच्या आजी जिन्यात म्हणाल्या, ‘वेगन डेम रेगन’, पावसामुळे, चक्क डाटिवमध्ये. बोलताना पुष्कळ लोक तसंच म्हणतात. लिहिताना पुस्तकातलं लिहा, बोलताना आजींचं चालतं.

आणि हेही खरं सांगायला हवं की विभक्ती चुकल्यानं माझं बाहेर कधी फारसं अडलं नाही. बेकरीत, कीटामध्ये, ट्राममध्ये मी ‘मिट मायनं टोख्टर’, माझ्या मुलीसोबत, म्हणायचे (हवं होतं ‘मायनर’), कुणी भुवई उंचावली नाही. वाक्य मनात पूर्ण जुळेपर्यंत गप्प बसायची सवय मला लागली होती. तोवर समोरचा माणूस पुढच्या विषयावर गेलेला असायचा. ती सवय मोडायला मला डाटिवपेक्षा जास्त वेळ लागला.

परीक्षा ९ डिसेंबर २०२३, शनिवारी. पासपोर्ट सोबत न्यायचा, मोबाईल बंद करून जमा. आधी ऐकणं २५ मिनिटं, मग वाचन ४५, लेखन ३०. वाचनाच्या शेवटच्या भागात एक पत्र असतं, त्यात सहा गाळलेल्या जागा आणि प्रत्येकीला तीन पर्याय. मी तो भाग आधी सोडवला, डोकं ताजं असताना; वेळ उरला तर करू म्हणून शेवटी ठेवू नका. लेखनात दोनपैकी एक पत्र निवडायचं. मी सुरुवातीची आणि शेवटची वाक्यं विभक्तीसकट घोटून गेले होते, ती जशीच्या तशी बसली. मधली दोन-तीन वाक्यं मात्र माझी स्वतःची होती, आणि तसं ते दिसतही असणार.

बोलणं दुपारी, जोडीनं, साधारण सोळा मिनिटं. स्वतःबद्दल सांगायचं, मग एका फोटोचं वर्णन करून आपला अनुभव जोडायचा, मग जोडीदाराबरोबर काहीतरी ठरवायचं. फोटोचा भाग म्हणजे या नऊ अव्ययांची परेडच. पण फोटोत सगळं आधीच जागेवर असतं! कोण कुणाच्या शेजारी, काय कशावर, मागे काय: डाटिव, डाटिव, डाटिव. हे एकदा लक्षात आलं की निम्मी भीती जाते. मी ‘इम हिंटरग्रुंट’ (मागच्या बाजूला) म्हणून सुरुवात केली आणि गाडी चालू राहिली. ठरवायच्या भागात मी ‘आपण इम पार्क जाऊ’ म्हणून गेले, थांबले, ‘इन डेन’ अशी दुरुस्ती केली. परीक्षकांनी मान हलवली. ती होकाराची होती की नोंद घेतल्याची, हे घरी जाईपर्यंत मला छळत राहिलं.

लगेच सोमवारपासून सातवं मॉड्यूल. नाताळची सुट्टी धरून ते जानेवारीअखेर संपलं आणि २६ जानेवारी २०२४ ला त्याची परीक्षा झाली: ३३ प्रश्न, एक तास, कोर्ससाठी १५ बरोबर पुरतात, पुढे नागरिकत्वासाठी वापरायचं असेल तर १७ हवेत. ३१० प्रश्नांचा अख्खा संच खुला आहे, त्यातले दहा तुमच्या राज्याचे. रोज वीस वाचले तरी होतं. याबद्दल घाबरण्यासारखं काही नाही.

भाषेच्या निकालाला नऊ आठवडे लागले. फेब्रुवारीच्या मध्याला शाळेतून पाकीट आलं. बोलणं बी-वन, ऐकणं-वाचन बी-वन, लेखन ए-टू, म्हणजे एक पायरी खाली. पोटात गोळा आला, मग नियम आठवला: बोलण्यात बी-वन आणि उरलेल्या दोनपैकी एकात बी-वन असेल तर एकूण बी-वन मिळतं. लेखनात कशानं मार खाल्ला ते कळत नाही, उत्तरपत्रिका दाखवत नाहीत. माझा संशय त्या ‘न’वर आहे.

पैसे परत मागण्याचा अर्ज त्याच आठवड्यात भरला. अर्जाच्या नावातच ‘आंट्राग आउफ’ आहे, मागणी म्हटली की आउफ आणि अक्कुझाटिव. आता अशा गोष्टी आपोआप दिसायला लागल्या होत्या. दोन्ही निकालांच्या प्रती, बँकेचा तपशील, सही. पोस्टात टाकण्याआधी सगळ्याचा फोटो काढून ठेवला. तुम्हीही काढा.

एप्रिलमध्ये उत्तर आलं. ८०१.५० युरो मंजूर. पत्रातलं एकच वाक्य मी दोनदा वाचलं: रक्कम ‘आउफ ईर कोंटो’ (तुमच्या खात्यावर) वळती करण्यात येईल. ‘ईर’, ‘ईरेम’ नव्हे. म्हणजे अक्कुझाटिव. म्हणजे पैसे अजून खात्यावर नाहीत. नवरा म्हणाला, अगं, पत्र आलंय म्हणजे आलेच असतील, ॲप उघडून बघ. मी म्हटलं, बघायची गरज नाही.

अकरा दिवसांनी आले.